मोडक्या जहाजांवर जगलेली राजधानी

केप हॉर्नला वळसा घालून अटलांटिकमध्ये शिरलेल्या शिडाच्या नौका विसाव्यासाठी ज्या बंदराकडे धाव घेतात, ते म्हणजे स्टॅनले. फॉकलंड बेटांची ही चिमुकली राजधानी हॉर्नपासून चारशे सागरी मैलांहून थोडी अधिक लांब आहे. कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा त्यांनी इथं मुक्काम केला होता. जानेवारी २०१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ घेऊन इथंच आल्या आणि २०२५ मध्ये त्याच नौकेतून आणखी दोघी. दोन्ही नौका गोव्यात बांधलेल्या. आपल्या सागरपरिक्रमांनी जिथं पुन्हा पुन्हा दम खाल्ला, ते गाव नीट पाहायला हवं.

पोर्ट विल्यम या बाहेरच्या खाडीतून ‘नॅरोज’ नावाच्या चिंचोळ्या तोंडानं आत शिरलं, की लांबट, आडोशाचं पाणी लागतं. दक्षिण काठाच्या उतारावर शहर आहे. पत्र्याची छपरं लाल, हिरवी, निळी रंगवलेली; झाडं अगदी मोजकी, कारण पश्चिमेचा वारा क्वचितच थांबतो. उत्तर काठाच्या टेकडीवर पांढऱ्या दगडांनी मोठाली अक्षरं मांडली आहेत: बीगल, बाराकुटा, प्रोटेक्टर, एन्ड्युरन्स. इथं येऊन गेलेल्या ब्रिटिश नौदलाच्या जहाजांची ही नावं. रस्त्यावरून दिसतात, पण ती खरी वाचायची नौकेच्या डेकवरूनच.

या बंदरासाठीच १८४३ मध्ये गव्हर्नर रिचर्ड मूडी यांनी ही जागा निवडली. १८४५ मध्ये राजधानी इथं हलली आणि गावाला तेव्हाचे वसाहतमंत्री लॉर्ड स्टॅनले यांचं नाव मिळालं. पाठोपाठ कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि हॉर्नमार्गे जहाजांची रीघ लागली. वादळात डोलकाठ्या मोडलेली, गळती लागलेली जहाजं कशीबशी स्टॅनले गाठत. डागडुजी हाच गावाचा धंदा झाला आणि तिचे दरही भरमसाट. खर्च परवडला नाही, की जहाज इथंच सोडून द्यायचं. मग त्याचं कोठार व्हायचं, नाहीतर धक्का. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला आणि हा ओघ आटला.

काठाकाठानं जाणाऱ्या रॉस रोडवर चालत निघालं, की हा इतिहास हाताला लागतो. पश्चिम टोकाकडे ‘झेलम’चे अवशेष आहेत. आपल्या नदीचं नाव मिरवणारं हे लाकडी जहाज १८४९ मध्ये लिव्हरपूलला बांधलं गेलं. १८७० मध्ये ते समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत भरून, गळकं होऊन इथं आलं आणि पुढच्याच वर्षी निकामी ठरलं. शतकाहून अधिक काळ ते उभं होतं. अलीकडच्या वादळांनी त्याचा सांगाडा कोसळवला. व्हिक्टरी ग्रीन या हिरवळीवर ‘ग्रेट ब्रिटन’ या अभियंता ब्रुनेलच्या विख्यात जहाजाची एक डोलकाठी आडवी ठेवली आहे. १८५७ च्या उठावाच्या वेळी याच जहाजातून ब्रिटिश फौज मुंबईला आली होती. १८८६ मध्ये हॉर्नपाशी मार खाऊन ते इथं परतलं, लोकर आणि कोळशाचं कोठार बनलं, १९३७ मध्ये जवळच्या खाडीत बुडवलं गेलं आणि १९७० मध्ये तरंगत्या तराफ्यावरून ब्रिस्टलला नेलं गेलं. तिथं आज त्याचं संग्रहालय आहे. ‘झेलम’च्या वाट्याला असं भाग्य आलं नाही, याची हळहळ वाटते.

क्राइस्ट चर्च कॅथेड्रल १८९२ चं. त्याच्या बाजूची कमान निळ्या देवमाशांच्या जबड्यांच्या हाडांची आहे, १९३३ मध्ये उभारलेली. सगळे पर्यटक फोटो काढतात तो इथंच.

याच रस्त्यावर १९८२ च्या युद्धाचं स्मारक. दोन एप्रिलला अर्जेंटिनाचं सैन्य उतरलं, चौदा जूनला शरण आलं. ब्रिटनचे २५५, अर्जेंटिनाचे ६४९ आणि बेटावरच्या तीन स्त्रिया बळी पडल्या. अर्जेंटिना या बेटांना माल्विनास म्हणतो आणि आजही त्यांवर हक्क सांगतो. २०१३ च्या सार्वमतात मात्र ब्रिटनसोबत राहण्याच्या विरोधात पडली अवघी तीन मतं. गावाच्या पश्चिमेला दिसणारे टम्बलडाउन, टू सिस्टर्स हे डोंगर म्हणजे शेवटच्या लढायांची रणभूमी. या स्मारकापाशी घाई करू नये.

पूर्वेला सहा-सात किलोमीटरवरच्या जिप्सी कोव्हची वाट ‘लेडी एलिझाबेथ’वरून जाते. १८७९ चं हे तीन डोलकाठ्यांचं लोखंडी जहाज १९१३ मध्ये हॉर्नचा तडाखा खाऊन दुरुस्तीला येत असताना खडकावर आदळलं. १९३६ च्या वादळात नांगर तुटून ते व्हेलबोन कोव्हमध्ये रुतलं, ते आजतागायत. गंजानं पत्रा पोखरला आहे, तरी डोलकाठ्या उभ्या आहेत. पुढे मॅगेलॅनिक पेंग्विनांची बिळं. शेजारचा यॉर्क बे युद्धातल्या सुरुंगांमुळे माणसांना बंद होता. पेंग्विन हलके, म्हणून ते बिनधास्त वावरत राहिले. २०२० मध्ये अखेरचे सुरुंग निघाले आणि वाळू पुन्हा लोकांची झाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथं येण्याचा उत्तम काळ. नौका एकच दिवस थांबणार असेल, तर गावातली खरेदी बाजूला ठेवा आणि तो वेळ या वाटेला द्या.