जहाज की पाळणे? आधी धाकट्याचे वय पाहा

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. एक शिक्षक पती-पत्नी दवाखान्यात आले. आजारी कोणीच नव्हते. सात वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा बाकावर उड्या मारत होते. गुरुजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दोन वर्षे दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले. सुटीत पोरांना कुठेतरी न्यायचे आहे. हिचे म्हणणे खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊ, माझे म्हणणे मुंबईहून जहाजाने गोव्याला. पोरांच्या तब्येतीला काय सोसेल ते सांगा."

असा प्रश्न आधी विचारणारे पालक विरळाच. बहुतेक जण सहलीहून परतल्यावर येतात, मूल खांद्यावर टाकून. म्हणून त्या दोघांना जे सांगितले, तेच आज सर्व वाचकांसाठी लिहितो.

१९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा बीडच्या माणसाने ते फक्त जाहिरातीत पाहिले. ते आता बंद झाले आहे. २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका आहे आणि पुणे-मुंबईच्या आसपास पाण्याची उद्याने पुष्कळ झाली आहेत. जहाजाचेही तसेच. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली व पुढे थांबली. २०२१ पासून कॉर्डेलियाच्या जहाजाने मुंबईहून सहली सुरू झाल्या. त्यामुळे हा प्रश्न आता केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही. दोन्हींत मजा आहे, दोन्हींत धोकेही आहेत. मात्र ते धोके वेगवेगळे आहेत.

उंचीची पट्टी

उद्यानातील मोठ्या पाळण्यांवर वयावर नव्हे, तर उंचीवर प्रवेश मिळतो. वेगाच्या पाळण्यांना साधारण १२० ते १४० सेंटिमीटर उंची लागते. आपल्याकडचे तीन वर्षांचे मूल साधारण ९५ सेंटिमीटरच्या आसपास असते, सात वर्षांचे १२० च्या. म्हणजे तीन वर्षांचे मूल रांगेत उभे राहते आणि दारातून परत फिरते. काही आईबाप तिथल्या माणसाशी हुज्जत घालतात. कृपया घालू नका. कमरेवरचा दांडा मोठ्या शरीराच्या मापाने बनवलेला असतो. लहान मूल त्याखालून निसटू शकते. निघण्यापूर्वी घरच्या भिंतीवर मुलाची उंची मोजा आणि कोणते पाळणे त्याच्या वाट्याला येतील याची चौकशी करा.

उकाड्याचा फरक

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत जातो, पण हवा कोरडी असते. घाम लगेच वाळतो व अंग थंड होते. घाटाखाली खोपोलीकडे हवा दमट असते. पारा ३६ असला तरी घाम अंगावरच राहतो आणि शरीर तापत जाते. मुले खेळाच्या नादात पाणी मागत नाहीत. मूल चिडचिडे झाले, डोके दुखते म्हणाले, लघवी गडद पिवळी झाली किंवा चार-सहा तास झालीच नाही, तर खेळ तिथेच थांबवा. सावलीत आणा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, घोटघोट पाणी द्या. मूल गुंगीत असेल किंवा बडबडत असेल तर तो उष्माघात समजा. अशा वेळी पाणी पाजत बसू नका. अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट रुग्णालय गाठा. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की लहान मुलांसह उद्यानात जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पाण्यातले दोन शत्रू

पहिला शत्रू अतिसार. तलावातील पाण्यात क्लोरिन असते म्हणून ते निर्धोक, असा समज आहे. क्लोरिनने बरेच जंतू मरतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म जीव तशा पाण्यातही कित्येक दिवस जगतो. जुलाब होणारे एक मूल पाण्यात उतरले तर ते पाणी गिळणाऱ्या दहा मुलांना आजार होऊ शकतो. म्हणून ज्या मुलाला जुलाब झाले असतील, त्याला थांबल्यानंतरही दोन आठवडे तलावात उतरवू नये. ज्याचा कान वाहतो, पडद्याला छिद्र आहे, त्यालाही नाही.

दुसरा शत्रू बुडणे. इथे मी स्वतःची चूक सांगतो. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. एका पाण्याच्या उद्यानात, त्याच्या कमरेइतक्या पाण्यात तो उभा होता. मी चहाचे पैसे देण्यासाठी पाठ फिरवली. वळून पाहतो तो मुलगा दिसेना. आवाज नाही, आरडाओरड नाही. त्याचा पाय घसरला होता आणि तो पाण्याखाली होता, माझ्यापासून चार हातांवर. शेजारच्या एका बाईंनी त्याला दंडाला धरून वर काढले. तो खोकला, रडला, वाचला. मी डॉक्टर असूनही मला काही कळले नव्हते. आज तो मुलगा माझ्याहून उंच आहे, पण ती मिनिटे मला अजून आठवतात.

बुडणारे मूल ओरडत नाही, कारण ओरडायला लागणारा श्वासच त्याच्याकडे नसतो. एका मिनिटाच्या आत सगळे घडून जाते. हवेची रबरी चाके म्हणजे संरक्षण नव्हे. पाच वर्षांखालील मूल पाण्यात असेल तेव्हा एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे आणि त्याच्या हातात मोबाईल नको. दुर्दैवाने प्रसंग आलाच, तर मुलाला उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मध्यभागी जोरात, भरभर दाब द्या; तीस दाब, दोन श्वास, मदत येईपर्यंत. मूल शुद्धीवर आले, तरी खोकला किंवा धाप राहिल्यास त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा.

आता जहाज

जहाजावर ऊन, रांगा, धावपळ कमी. आजी-आजोबा असतील तर त्यांना तेच बरे. पण पहिला त्रास बोट लागण्याचा. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते मेंदूला सांगते, 'आपण हलतो आहोत'. बंद खोलीत डोळे सांगतात, 'सगळे स्थिर आहे.' या भांडणातून मळमळ व उलटी होते. दोन वर्षांखालील बाळांना हा त्रास क्वचित होतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना सर्वांत जास्त. जे मूल मांजरसुंब्याच्या घाटात एस.टी.च्या खिडकीतून उलटी करते, त्याला बोट लागण्याची शक्यता बरीच असते.

अशा मुलासाठी जहाजाच्या मध्यभागातील, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तिथे हेलकावे कमी बसतात. त्रास सुरू होताच वर मोकळ्या हवेत न्यावे व दूर क्षितिजाकडे पाहायला सांगावे. पुस्तक, मोबाईल बंद. पोट अगदी रिकामे नको, तुडुंबही नको. उलटीचे औषध निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी द्यायचे असते, पण ते डॉक्टरांना विचारूनच. प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील बाळाला द्यायचेच नाही. श्वासाला धोका असतो. 'शेजाऱ्यांकडची अर्धी गोळी दिली' हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे.

दुसरा त्रास सामायिक जेवणाचा. शेकडो माणसे एकाच ठिकाणी जेवतात आणि तेच कठडे धरतात. नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबांचा विषाणू अशा ठिकाणी झपाट्याने पसरतो. हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाने तो नीट मरत नाही. साबण आणि पाणीच हवे. तिसरी गोष्ट अंतराची. मोठ्या जहाजावर डॉक्टर असतात, पण बालरोगतज्ज्ञ व अतिदक्षता कक्ष किनाऱ्यावरच. ज्या मुलाला दम्याचे वरचेवर झटके येतात, फिट येतात किंवा हृदयाचा आजार आहे, त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. सहा महिन्यांखालील बाळाला बहुतेक मोठी जहाजे घेतच नाहीत.

लहान बोटीत बसताना एक गोष्ट विसरू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेली प्रवासी बोट नौदलाच्या वेगवान बोटीच्या धडकेने बुडाली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. मुलाच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मागा आणि ते पट्टे आवळून अंगात घाला. बाकाखाली ठेवलेले जाकीट उपयोगाचे नाही.

पिशवीत काय असावे

जलसंजीवनीची पाकिटे. एक मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, अर्धे पाकीट अर्ध्या लिटरमध्ये असे अंदाजाने करू नका. पूर्ण पाकीट एकदम विरघळवा व चोवीस तासांत संपवा किंवा टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. खोक्यातली गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर 'ओआरएस' हे अक्षर छापायला मनाई केली आहे. याखेरीज तापाचे औषध, मुलाची नेहमीची औषधे, साबणाची वडी, टोपी आणि मुलाच्या खिशात तुमचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी.

गुरुजींना मी शेवटी इतकेच सांगितले, की निवड थोरलीच्या हट्टावर किंवा आपल्या हौसेवर करू नका, धाकट्याच्या वयावर करा. आणि जहाजाचे मोठे पैसे भरण्याआधी त्याची छोटी चाचणी घ्या. २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. साधारण तासाभराचा प्रवास. त्यात मुले कशी राहतात ते पाहा.

जानेवारीत ते खोकल्यासाठी आले, तेव्हा हकिगत कळली. मांडव्याला जाताना मुलगी दोनदा ओकली, मुलगा आईच्या मांडीवर झोपून होता. गोव्याचे जहाज गुरुजींनी चार वर्षे पुढे ढकलले. दुसऱ्या दिवशी खोपोलीला पाण्यात न उतरता फक्त कोरडे पाळणे केले. "आणि धाकट्याला काय आवडले?" मी विचारले. बाई हसून म्हणाल्या, "फिरते घोडे. तीनदा बसला. पण घरी आल्यावर सांगतो काय, तर बोटीत माझी पाण्याची बाटली पडली होती."