जामठ्यावर सरवटे, समोर विदर्भ

2019च्या फेब्रुवारीत नागपूरच्या जामठा मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना रंगला. सौराष्ट्राची सगळी भिस्त चेतेश्वर पुजारावर होती. पहिल्या डावात तो 1 धाव काढून परतला, दुसऱ्यात तर त्याला भोपळाही फोडता आला नाही. दोन्ही वेळा बाद करणारा गोलंदाज एकच, विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे. सामन्यात त्याने 11 बळी घेतले आणि विदर्भाने सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला.

सहा वर्षांनी, 2025मध्ये, तेच मैदान आणि पुन्हा रणजीची अंतिम लढत. विदर्भही होता, सरवटेही होता. पण तो खेळत होता केरळकडून!

रणजीत प्रत्येक संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. या नियमाचा विदर्भाला केवढा फायदा झाला आहे! 1957-58पासून विदर्भ रणजी खेळतोय, पण पहिलं विजेतेपद आलं 1 जानेवारी 2018ला, इंदूरमध्ये. रजनीश गुरबानीने त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली खरी, पण संघात मुंबईचा वसीम जाफर होता आणि प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. आता नागपूरचा गडी केरळच्या उपयोगी पडत होता.

आणि कसा! अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात केरळच्या 457 धावांपुढे गुजरात 9 बाद 455वर पोहोचला होता. गुजरातच्या शेवटच्या जोडीतल्या फलंदाजाने सरवटेला जोरदार फटका मारला, तो शॉर्ट लेगच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळला आणि चेंडू उडून थेट स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून आलेला झेल 2017च्या नियमबदलाआधी बादच धरला जात नसे. सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावातली आघाडी निकाल ठरवते. केरळची आघाडी होती 2 धावांची, आणि तेवढ्यावर हा संघ आयुष्यात पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. पाच दिवसांच्या मेहनतीचा निकाल एका हेल्मेटवर ठरावा, हे देशांतर्गत क्रिकेटमध्येच बघायला मिळतं.

जामठ्यावर मात्र पहिल्या डावातल्या आघाडीचा हाच नियम केरळवर उलटला. दानिश मालेवारच्या 153 धावांच्या बळावर विदर्भाने 379 केल्या. सरवटेने झुंजून 79 धावा केल्या, तरी केरळ 342वर थांबला. दुसऱ्या डावात मूळचा कर्नाटकचा करुण नायर विदर्भासाठी 135 धावा करून गेला. सामना अनिर्णित राहिला, आणि 37 धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक विदर्भाकडे आला.

सरवटेविना विदर्भाच्या डावखुऱ्या फिरकीची धुरा वाहिली तरुण हर्ष दुबेने. त्या मोसमात त्याने 69 बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम.