कचेरीतील पाण्याची नोंदवही

कोणत्याही कचेरीत खुर्ची-टेबलांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते, टपालाची बारनिशीत असते, कागदाची रिमेसुद्धा मोजून दिली जातात. पाणी मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही. त्याचे देयक लेखाशाखेकडे, पंप पहारेकऱ्याकडे, नळदुरुस्ती बांधकाम खात्याकडे आणि प्रसाधनगृहांची सफाई कंत्राटदाराकडे. चौघांत वाटलेली जबाबदारी अखेर कोणाचीच उरत नाही. घरचा नळ गळू लागला तर रात्री उठून तो आवळणारा गृहस्थ कचेरीतल्या वाहत्या नळापाशी हात धुऊन निघून जातो, याचे कारण त्याच्या स्वभावापेक्षा या व्यवस्थेत अधिक आहे.

मुंबईपुरते बोलायचे तर हे पाणी फार दुरून येते. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण आणि पुढील काळातील भातसा धरण, ही दोन्ही ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा महानगरातील कचेरीच्या गच्चीवरून ओसंडणारी टाकी ही केवळ त्या कचेरीची खासगी बाब राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, याचाही विसर पडता कामा नये.

भारतीय मानकानुसार कार्यालयासाठी दर माणशी दररोज ४५ लिटर पाणी धरले जाते. पाचशे कर्मचाऱ्यांच्या कचेरीला या हिशेबाने रोज २२,५०० लिटर लागतील. आता शौचालयातील जुनी टाकी एका वेळी दहा लिटर सोडते असे धरा. प्रत्येकाने दिवसातून तीनदा ती ओढली, तर माणशी ३० लिटर तिथेच गेले. त्याऐवजी तीन आणि सहा लिटरची दुहेरी टाकी बसविली, तर दोनदा लहान व एकदा मोठी मिळून १२ लिटर पुरतात. माणशी १८ लिटरची ही बचत पाचशे माणसांमागे रोज ९,००० लिटर होते. म्हणजे जवळजवळ एक टँकर. यासाठी कोणालाही तहानेले राहावे लागत नाही.

परंतु टाक्या बदलण्यास निधी लागतो. मोजण्यास तो लागत नाही. राज्य सरकारच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शुक्रवारी सायंकाळी सर्व टाक्या भरून झाल्यावर जलमापकाचा आकडा आणि गच्चीवरील टाकीची पातळी लिहून ठेवावी, सोमवारी सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी पुन्हा पाहावी. इमारत रिकामी असताना जे पाणी गेले, त्यातील बहुतेक गळतीचेच असणार. शौचालयाच्या टाकीत थोडा रंग टाकून अर्धा तास थांबावे. टाकी न ओढता भांड्यात रंग उतरला, तर झडप निकामी झाली असे समजावे. पिण्याचे पाणी शुद्ध करणारी यंत्रे जितके पाणी देतात, पुष्कळदा त्याहून अधिक टाकून देतात. ते बादलीत धरले तर फरशी पुसण्यास उपयोगी पडते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणीही झाडांना घालता येते.

‘पाणी जपून वापरा’ अशा पाट्या भिंतीवर पुष्कळ लागल्या आणि त्यांच्याच खाली नळ गळत राहिले. उपदेशाचा गुण हिशेबाइतका येत नाही. प्रत्येक कचेरीने एका कर्मचाऱ्याकडे ही नोंदवही सोपवावी, त्याला प्लंबर बोलावण्याचा अधिकार द्यावा आणि महिन्याचा आकडा सूचनाफलकावर लावावा. शाळा-महाविद्यालयांनाही हाच मार्ग मोकळा आहे. ज्याची नोंद होते त्याला कोणीतरी जाब देणारा मिळतो. आज कचेरीतल्या पाण्याला तो मिळालेला नाही.