मूत्रपिंड कोण घडवतं?

इथे जुन्या जालन्यात बोलायला उभे राहण्याआधी एका आजोबांनी आम्हाला बाजूला घेतलं. "सर, नातवाला जन्मतः एकच मूत्रपिंड आहे. सुनेनं ग्रहणात भाजी चिरली होती, त्यानं झालं असेल का?" आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण ह्याचं उत्तर शोधायला आपल्याला बेडकाकडे जावं लागेल.

आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाचं अंडं फलित झालं की तीनेक दिवसांत भ्रूणाच्या दोन्ही बाजूंना एकेक साधं मूत्रपिंड काम करू लागतं. अंडी पाण्यात वाढतात, म्हणून सगळं पाहता येतं. अख्ख्या मूत्रपिंडाचा आराखडा हातात घेतलेला मुकादम तिथे कुणी नसतो. पॅक्स-८ आणि एलएचएक्स-१ ही प्रथिनं डीएनएवर बसून ठरावीक जनुकं चालू करतात. पॅक्स-८ नसेल तर हे मूत्रपिंड बनत नाही. दोन्ही जास्त झाली तर ते फुगतं, भलत्या जागीही नलिका येतात. पुढे डब्ल्यूएनटी-४ हे प्रथिन शेजारच्या पेशींना निरोप देतं, तेव्हा कुठे नलिका घडते.

१९९३ साली जपानच्या माकोतो आसाशिमा यांच्या गटाने कोवळ्या भ्रूणाच्या वरच्या टोकाच्या पेशी वेगळ्या वाढवल्या. नुसत्या ठेवल्या तर त्वचेसारख्या होतात. अ‍ॅक्टिव्हिन प्रथिन दिलं तर मात्रेप्रमाणे स्नायू वगैरे. सोबत 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल दिलं, तर मूत्रनलिका! निरोप तोच, अर्थ बदलला. शाळेची घंटा एकच असते ना? सकाळी वाजली की आत, संध्याकाळी वाजली की घरी.

बेडकाचं आपल्याला काय, असं म्हणाल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आसाशिमांसोबत २०१० साली दाखवलं, की इवल्याशा हायड्राचं नॉगिन प्रथिनही बेडकाच्या भ्रूणात काम करतं. ही भाषा इतकी जुनी आणि सामाईक आहे. माणसातही एचएनएफ-१बी जनुक बिघडलं तर मूत्रपिंड सदोष होऊ शकतं, कधी एकच बनतं. आणि पुष्कळदा तो बिघाड आईवडिलांत नसतोच, बाळात नव्याने येतो.

तुमच्या नातवाचं नेमकं कारण आम्ही सांगू शकत नाही, ते डॉक्टरांनी तपासायचं. एका मूत्रपिंडावर माणसं छान जगतात, फक्त रक्तदाब आणि लघवी वेळोवेळी तपासून घ्यावी. पण ह्या सगळ्या निरोपांत विळीला आणि ग्रहणाला कुठेच जागा नाही. आजोबा, घरी गेल्यावर सुनेला एवढं नक्की सांगा.