गिरणीच्या जमिनीचं झालं काय? गावाकडच्या वारसांसाठी ‘एक तृतीयांश’चं गणित

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांत आजोबांचा गिरणीचा पास अजून ट्रंकेत जपून ठेवलाय. त्यातल्या कितीतरी गिरण्यांच्या जागी आज मॉल नाहीतर टॉवर उभे आहेत. लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी तेवढी राहिली, खाली मॉल आला. मग कामगाराच्या वाट्याला काय आलं?

भोंग्यापासून संपापर्यंत

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा ‘गिरणगाव’ झाला. घाटावरची आणि कोकणातली माणसं गावकीच्या खोलीत दाटीवाटीनं राहायची, खानावळीत जेवायची आणि गावी मनिऑर्डर धाडायची.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप लांबला. पुढच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली आणि शहराच्या मधोमध असलेल्या जमिनीला सोन्याचा भाव आला.

नियम ५८ म्हणजे काय?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले. एक महापालिकेला मैदान-बागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला.

२००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची करायची, म्हणजे बांधकाम असलेली जागा त्यातून वगळायची, असं ठरलं.

समजा, गिरणी १५ एकरांची आहे. आधीच्या हिशेबानं म्हाडाला सुमारे ५ एकर मिळाले असते. पण १२ एकरांवर शेड असतील, तर वाटणीला उरले ३ एकर. म्हणजे म्हाडाला जेमतेम १ एकर! प्रकरण कोर्टात गेलं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा बदल कायम ठेवला.

घरं कमी, अर्ज जास्त

कामगारांच्या घरांसाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. जून २०१२ च्या सोडतीत घरं होती ६,९२५. घर २२५ चौरस फुटांचं. मुंबईत जागाच उरली नाही म्हणून आता कर्जत तालुक्यातलं शेलू आणि अंबरनाथ तालुक्यातलं वांगणी इथं घरं देण्याचं ठरलंय. कामगार संघटनांचा याला विरोध आहे. ज्या मुंबईत घाम गाळला, घरही तिथंच द्या, असं त्यांचं म्हणणं आहे.

वारसांनी काय पाहावं?

१ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेला कामगार या योजनेत येतो. कामगार हयात नसेल तर त्याच्या वारसाचा विचार होतो. लाल पास, तिकीट नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, पीएफ किंवा ईएसआयचा कागद, पगाराची पावती, यातलं जे सापडेल ते सांभाळा. वारसाचे कागद वेळेत करून घ्या, नाहीतर भावाभावांत वाद आणि फाईल तिथंच अडून राहते.

म्हाडानं कुणीही दलाल नेमलेला नाही. ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात पैसे देऊ नका, आणि मूळ कागद तर अजिबात नाही.