आधी वहीला शिस्त, मग एआय!

"तू कॉम्प्युटरवाला ना? मग आपल्या सेल्सला ते एआय लावून दे बघू!"

गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो आणि पहिली चकली तोंडात जाते न जाते तोच मामानं हुकूम सोडला. मामाचा शिरोली एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. तिथं पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनतात आणि माल कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून बेळगावपर्यंत जातो. विकणारी माणसं तीन : स्वतः मामा, वीस वर्षं फिरतीवर असलेले मार्केटिंगवाले काका आणि नुकताच लागलेला एक डिप्लोमाचा पोरगा.

माझी काय, लगेच कॉलर ताठ! दोन दिवसांत एआयचं एक साधन जोडून दिलं. आलेले मेसेज वाचायचे, दर बघायचा आणि उत्तर पाठवायचं, एवढंच त्याचं काम. तिसऱ्या दिवशी सांगलीच्या एका जुन्या डीलरचा फोन आला, "तुमचा नक्की दर कोणता हो? काकांनी एक सांगितला, पोरानं दुसरा आणि आज मेसेज आलाय त्यात तिसराच!" मामा नुसता माझ्याकडे बघत राहिला. व्हायवाला एक्स्टर्नलसमोर बसल्यावर होते ना, तशी माझी अवस्था!

मित्रांनो, चूक यंत्राची नव्हती. मी त्याला दिलेल्या फाइलींत तीन वेगवेगळ्या तारखांची दरपत्रकं होती. चालू कोणतं, हे कारखान्यातच कुणी ठामपणे सांगू शकत नव्हतं. गार्बेज इन, गार्बेज आऊट! पूर्वी हा घोळ आठवड्यातून एकदा व्हायचा, आता तो मिनिटागणिक होऊ लागला, एवढाच माझ्या इंजिनिअरिंगचा फायदा.

मग जरा वाचन केलं. विक्रीला शिस्त लावायची कल्पना कॉम्प्युटरपेक्षाही जुनी निघाली. अमेरिकेत डेटन इथं जॉन पॅटरसन यांनी १८८४ साली एक कंपनी विकत घेऊन तिचं नाव नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी ठेवलं. त्यांनी प्रत्येक विक्रेत्याला स्वतःचा ठरावीक भाग दिला, विक्रीचं लक्ष्य ठरवून दिलं आणि गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं याची छापील पुस्तिकाही हातात ठेवली. तिथं तयार झालेले थॉमस वॉटसन १९१४ मध्ये ज्या कंपनीत गेले, तिचंच नाव १९२४ मध्ये आयबीएम झालं. म्हणजे कॉम्प्युटर विकणारी कंपनीसुद्धा आधी माणसांची घडी बसवायला शिकली होती!

आम्हीही एआय बंद केलं आणि चार गोष्टी ठरवल्या.

पहिली, कोणाचं काम काय. नव्या चौकशीला त्याच दिवशी उत्तर देणं पोराचं काम. जुने डीलर आणि फिरती काकांची. दर आणि सूट फक्त मामा ठरवणार. "सगळेच सगळं बघतात" याचा खरा अर्थ कोणीच काही बघत नाही, हे आपल्या मेस कमिटीवरून तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरी, एकच वही (आमची एक्सेलमध्ये आहे). पायऱ्या चारच : चौकशी, कोटेशन, ऑर्डर, पैसे जमा. "पार्टी गरम आहे" ही पायरी नव्हे! प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव आणि पुढच्या फोनची तारीख हवीच.

तिसरी, तारीख घातलेलं एकच दरपत्रक. जुनी सगळी फाडून टाकली.

चौथी, दर सोमवारी अर्धा तास तिघांनी वही उघडून बसायचं.

याचा उपयोग काय? समजा महिन्यात ४० चौकश्या आल्या, २५ कोटेशनं गेली आणि ६ ऑर्डरी मिळाल्या. एकूण एफिशियन्सी १५ टक्के. पण नुसत्या या आकड्यावरून काहीच कळत नाही. १५ जणांना कोटेशनच गेलं नसेल तर गळती ऑफिसात आहे. गेलेल्या २५ पैकी १९ ऑर्डरी सुटल्या, तर दर किंवा पाठपुरावा तपासायला हवा. पाइपलाइन कुठे गळते हे कळल्याशिवाय मोठा पंप बसवून काय होणार? गळती वाढेल!

खरी अडचण मात्र पुढेच होती. काका डायरी द्यायला तयार नव्हते. एका संध्याकाळी ते मला हळूच म्हणाले, "बाळा, डायरी कॉम्प्युटरात गेली की माझं काम संपलं, असंच ना?" मला उत्तर सुचेना. कोण उसाचं बिल आल्यावरच पैसे देतो, कुणाचं दुकान आता मुलगा बघतो, कुणाला फोन केलेला आवडत नाही, हे सगळं त्या डायरीत होतं. म्हणजे कारखान्याची निम्मी अक्कल तिथेच! शेवटी मामानं शब्द दिला, "जुने डीलर तुमच्याच नावावर राहतील, कमिशनसकट." तसं वहीत लिहूनही टाकलं. मग काकांनी स्वतःच चहा मागवला आणि पोराला सांगून एकेक नाव भरून घेतलं. हे झालं नसतं तर कितीही महागडं एआय आणलं तरी ते कोरंच राहिलं असतं.

मे महिन्याच्या सुट्टीत एआय पुन्हा जोडलं. आता ते मेसेज वाचून वहीतली ओळ सुचवतं, एकाच दरपत्रकावरून कोटेशनचा मसुदा करतं आणि आज कुणाला फोन करायचा त्याची यादी सकाळी देतं. पाठवण्याआधी माणूस वाचतो. उधारी कुणाला द्यायची, हे त्याला विचारत नाही.

विक्री दुप्पट झाली वगैरे काही नाही बरं का! पण जूनमध्ये काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते दोन आठवडे घरी होते. पोरानं वही बघून त्यांच्या सगळ्या डीलरना वेळेवर फोन केले, आणि आलेल्या ऑर्डरी काकांच्याच नावावर चढल्या. पूर्वी काका आजारी पडले की सांगली-सातारा बंद!

आपल्या होस्टेलवर कितीतरी जणांच्या घरी दुकान, वर्कशॉप, दूध डेअरी आहे. सुट्टीत तुम्हालाही हुकूम सुटणारच. तेव्हा लॅपटॉप उघडण्याआधी एवढंच विचारा, "वही कुठाय, आणि ती कोण लिहितं?"