क्रिएटिन: ताकद कुठली आणि किती?
व्यायामशाळेत खपणाऱ्या बहुतेक पावडरींपेक्षा क्रिएटिनमागचा पुरावा भक्कम आहे, पण ते ‘एनर्जी’ देते हे म्हणणे चूक. ते अन्नासारखे इंधन नव्हे. स्नायू आकुंचन पावताना एटीपी हे पेशींना ऊर्जा पुरवणारे रसायन खर्च होते आणि स्नायूंत साठलेले फॉस्फोक्रिएटिन ते काही सेकंद झटपट भरून देत राहते. म्हणून रोजच्या 3 ते 5 ग्रॅमचा फायदा जड वजन उचलताना किंवा वेगाच्या छोट्या धावा पुन्हापुन्हा घेताना दिसतो. मॅरेथॉनमध्ये तो फारसा नाही. उलट स्नायूंनी धरून ठेवलेल्या पाण्याचे वाढीव वजन धावणाऱ्याला वाहावे लागते. आहारातले क्रिएटिन मुख्यतः मांस-मासळीतून येते. त्यामुळे शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी असतो आणि त्याला फरक अधिक जाणवू शकतो, ही आपल्याकडे विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट.

नेहमीचा आक्षेप मूत्रपिंडांचा. क्रिएटिनपासूनच क्रिएटिनिन बनते, तेव्हा रक्ततपासणीत तो आकडा थोडा वाढू शकतो. पण निरोगी माणसांत एवढ्या मात्रेने मूत्रपिंड बिघडल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. तपासणीपूर्वी डॉक्टरांना मात्र सांगायलाच हवे, आणि ज्यांचे मूत्रपिंड आधीच अधू आहे त्यांनी सल्ल्याशिवाय डब्याला हात लावू नये.